बोकड दूध देत नाही

बँकेच्या कर्जाच्या फॉर्मवर एक रकाना होता : दररोजचे दूध, लिटरमध्ये. मी त्यात रेघ ओढून दिली. काउंटरवरच्या पोरानं मान वर केली. "काका, रिकामं चालत नाही. आकडा लागतो."

"बोकडं आहेत. बोकड काय दूध देतंय व्हय?"

पोरगं हसलं, पण कॉम्प्युटर कुठं हसतोय? त्यानं शून्य टाकलं, तशी खालच्या ओळीतली महिन्याची आवकही आपोआप शून्य झाली. आवक शून्य म्हणजे परतफेडीची ताकद शून्य. त्या दिवशी मी तसाच घरी आलो. ही गोष्ट डिसेंबर २०२३ ची. माझ्या गोठ्यात तेव्हा दहा बोकड बांधलेले होते आणि महिनाभराचा खुराक उधारीवर चालू होता.

आधी थोडं मागचं सांगतो. आमचं गाव वाशी तालुक्यात, धाराशिव जिल्हा. जमीन सव्वादोन एकर, सगळी कोरडवाहू. आजोबांच्या वेळी घरात एक जोडधंदा होता. बाजारातून हडकलेले गोऱ्हे आणायचे, वर्ष-दीड वर्ष खाऊपिऊ घालून, कामाला शिकवून जोडी विकायची. बैल म्हातारा झाला तरी बाजारात त्याला काहीतरी किंमत यायची आणि त्या पैशात नव्या गोऱ्ह्याचा निम्मा खर्च निघायचा. मार्च २०१५ मध्ये गाय, वळू आणि बैल यांच्या कत्तलीवर राज्यात बंदी आली आणि थकलेल्या बैलाचा तो शेवटचा पैसा गेला. कायदा बरा की वाईट यावर आमच्या पारावर अजून भांडणं होतात, मला त्यात पडायचं नाही. हिशेब मात्र बदलला. म्हशीला त्यातून मोकळीक आहे, पण हल्या, म्हणजे रेडा, सांभाळायला पाणी लागतं, आणि आमच्याकडं जानेवारीपासून घागरी मोजून पाणी. राहिली शेळी. तीही काळी, आमच्याच जिल्ह्याच्या जुन्या नावाची, उस्मानाबादी. एका वेताला दोन पिलं देते, उन्हातान्हात तग धरते, बाभळीच्या शेंगा खाऊन दिवस काढते.

बायकोच्या तीन शेळ्या होत्याच. २०२३ ला बकरी ईद आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी आली, २९ जूनला. त्याच्या पंधरवडाभर आधी मी तिचा एक बोकड घेऊन नेकनूरच्या बाजारात गेलो. बोकड साधाच होता, पण अंगानं भरलेला. गाडीवरून खाली उतरवायच्या आत तीन जणांनी हात घातला. साडेतेरा हजार आले. परतताना एसटीत हिशेब मांडत बसलो : एकाला साडेतेरा, तर दहाला किती? असा हिशेब ज्यानं एसटीत बसून केला तो हमखास फसतो, हे मला आता कळतंय.

आधी योजना पाहिल्या. पशुसंवर्धन खात्याची दहा शेळ्या आणि एक बोकड अशी गटवाटपाची योजना आहे. सर्वसाधारण गटाला निम्मं अनुदान, अनुसूचित जाती-जमातीला पाऊण. मोबाईलवर अर्ज भरला होता, नाव प्रतीक्षा यादीत लागलं होतं आणि ते तिथंच होतं. केंद्राच्या पशुधन अभियानात अनुदान मोठं, पण तिथं सुरुवातच शंभर शेळ्या आणि पाच बोकडांपासून. माझ्या रानात शंभर शेळ्या सोडल्या तर चौथ्या दिवशी त्या बांधावरच्या दगडाकडं बघायला लागतील. आणि दोन्ही योजना पैदाशीच्या. शेळी घ्या, ती विईल, पिलं वाढतील, मग विका. मला तर करडं आणून सात महिन्यांत तयार करून विकायची होती. त्या धंद्याला योजनेत नावच नाही.

मग कुणीतरी किसान क्रेडिट कार्डाचं सांगितलं. पिकाचं केसीसी १९९८ पासूनचं, ते सगळ्यांना माहीत. पशुपालनालाही तेच कार्ड लागू झालंय, २०१९ पासून. दोन लाखांपर्यंत व्याज सात टक्के, आणि वेळेत भरलं तर तीन टक्के परत. म्हणजे पडतं चार टक्क्यांनी. आमच्या गावात दारावर येणारे फायनान्सवाले आठवड्याला हप्ता घेतात आणि वर्षाचा हिशेब केला तर वीस-चोवीस टक्क्यांच्या घरात जातो. चार टक्के ऐकून मी दुसऱ्याच दिवशी बँकेत.

तिथं पहिली गाठ बसली. मॅनेजरसाहेब बाहेरच्या राज्यातले, नव्यानं बदलून आलेले. माणूस सरळ, पण नियमाला पक्का. हिंदीतून त्यांनी जे सांगितलं त्याचा मतलब असा, की हे कर्ज खेळत्या भांडवलाचं आहे. चारा, खुराक, औषधपाणी, मजुरी, वीज, पाणी. जनावर विकत घ्यायला यातून पैसा मिळत नाही. जनावर आधी तुमच्याकडं असलं पाहिजे, मग त्याच्या पोटापाण्याला आम्ही देऊ.

"जनावर घ्यायला काय?"

"उसके लिए टर्म लोन." मुदतीचं कर्ज. त्याचा हप्ता दर महिन्याला.

मी म्हणालो, साहेब, गाय असती तर दर दहा दिवसाला डेअरीचं पेमेंट आलं असतं, त्यातून हप्ता कापला असता. बोकड सात महिने नुसता खातो आणि एका दिवशी सगळा पैसा देतो. मी महिन्याला हप्ता आणू कुठून, त्याचं एक एक तंगडं विकून? साहेबांना हे कळलं, असं मला त्यांच्या तोंडावरून वाटलं. पण कळून ते करणार काय?

सगळी गोम इथंच आहे. पिकाच्या कर्जात बियाणं धरतात. सोयाबीनची बॅग, खत, फवारणी, सगळं एकरी हिशेबात येतं. बियाणं तुमच्याकडं आधी असलं पाहिजे, असं कुणी म्हणत नाही. बोकड वाढवणाऱ्याला ते करडू म्हणजेच बियाणं. सात महिन्यांत ते संपतं, पुन्हा नवं आणावं लागतं. एकूण खर्चात निम्म्याहून जास्त पैसा त्यातच जातो. पण कागदावर ते जनावर, म्हणजे मालमत्ता, म्हणजे मुदतीचं कर्ज. खुराकाला चार टक्क्यांनी पैसा, आणि तो खुराक खाणारं तोंड मात्र ज्याचं त्यानं बघावं.

ते तोंड आणलं बायकोच्या बचत गटानं. सरकारच्या उमेद अभियानातला गट, अकरा बाया, त्यातल्या आठजणींच्या दारात शेळ्या. बैठकीला मी बाहेर ओट्यावर बसून होतो, आत कुणी मला बोलावलं नाही. आवाज ऐकू येत होते. एक म्हातारी विचारत होती, "करडं कुठनं आणायलाय? दिवाळीनंतर आण म्हणावं, तवा पडून मिळत्यात." दुसरीनं विचारलं, मुद्दल कधी देणार. बायको म्हणाली, ईद झाली की. "मग ईद झाली की दे. व्याज तेवढं महिन्याच्या महिन्याला." झालं. चाळीस हजार, शेकडा एक रुपयानं. बँकेपेक्षा महाग, पण हप्त्याचं गणित त्या बायांनी दहा मिनिटांत सोडवलं होतं.

म्हातारीचं खरं निघालं. त्या साली पाऊस दगा देऊन गेला होता. ऑक्टोबरअखेर सरकारनं राज्यातल्या चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आमचा वाशी. चाऱ्याच्या धास्तीनं लोक करडं विकायला काढत होते. नोव्हेंबरात नेकनूरला दहा करडं घेतली, सरासरी बावन्नशेला एक. चाळीस गटाचे, बारा माझे, सोयाबीनचे जे काही आले होते त्यातले. दुसऱ्याची गरज हीच आपली स्वस्ताई, हे त्या बाजारात उभं राहून नीट दिसतं. एका माणसानं कासरा माझ्या हातात दिला आणि करडाकडं न बघता चालू लागला.

आता जनावरं होती, तेव्हा कागदांकडं वळलो. सातबारा, आठ अ, आधार, पॅन, फोटो. सोसायटीची आणि शेजारच्या दोन बँकांची बेबाकी, म्हणजे थकबाकी नसल्याचा दाखला. जनावरांच्या दवाखान्यातला दाखला. सिबिल काढला तर त्यात मी थकबाकीदाराचा जामीनदार निघालो. चुलतभावानं मोटारसायकल घेताना मी सही केली होती, विसरूनही गेलो होतो. त्याचे तीन हप्ते त्याच्याकडून भरून घेतले, सिबिल सुधारायला दीड महिना गेला. दुधाच्या रकान्याचा तिढा बँकेच्या कृषी अधिकाऱ्यानं सोडवला. तो परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकलेला, घरचा शेतकरी. त्यानं दूध शून्यच ठेवलं आणि वेगळ्या कागदावर सात महिन्यांचा जमाखर्च मांडून जोडला : नोव्हेंबर ते मे फक्त खर्च, जूनमध्ये सगळी जमा. "नियमात आहे हे," तो म्हणाला, "एका उत्पादन चक्राचा हिशेब धरता येतो. कुणी मागत नाही म्हणून कुणी करत नाही." जानेवारीच्या मध्याला अडतीस हजारांची मर्यादा मंजूर झाली. खुराकवाल्याची उधारी त्याच दिवशी फेडली.

विम्यासाठी कानात बिल्ले मारले. पिवळा बिल्ला, त्यावर बारा आकडी नंबर. विमा हवा तर बिल्ला हवा, यात बँकेचं काही चुकत नाही. पण ईदच्या बोकडाचं पहिलं काय बघतात? दात आणि कान. कुर्बानीचं जनावर निर्दोष लागतं. शिंग मोडलेलं, कान फाटलेलं नको. बारीक भोकाला सहसा कुणी अडत नाही, पण माझ्या एका बोकडाचा बिल्ला काटेरी तारेत अडकला आणि त्यानं हिसका मारला. सकाळी गेलो तर तारेवर बिल्ला लोंबकळतोय, आणि बोकडाच्या कानाचे टोकापर्यंत दोन पदर झालेले. त्या एका हिसक्यात त्याचा विमाही गेला आणि ईदचा भावही. पोरांनी त्याचं नाव कान्या ठेवलं.

रोजचं काम सांगण्यासारखं फार नाही. सकाळ-संध्याकाळ मक्याचा भरडा, सरकी पेंड, मीठ आणि खनिज मिश्रण, सुरुवातीला दीडशे ग्रॅम, वाढवत साडेतीनशेपर्यंत. वर तुरीचं आणि हरभऱ्याचं भुसकट, मिळेल तसा सुबाभळीचा पाला. दर महिन्याला ताणकाट्यावर वजन. महिन्याला अडीच किलो वाढला की मी खूश. जंताचं औषध, पीपीआर आणि आंत्रविषाराची लस. खुराकावरच्या जनावराला आंत्रविषार झाला तर डॉक्टरला बोलवायलाही वेळ मिळत नाही, म्हणून ती लस मी चुकवली नाही.

चुकलं ते दुसरंच. फेब्रुवारीत एका रात्री भरड्याच्या पोत्याचं तोंड बांधायचं राहिलं. राहिलं म्हणजे माझ्याकडूनच, उगाच पोरांवर कशाला घालू? सगळ्यात दांडगा बोकड दावं तोडून पोत्यापाशी गेला. पहाटे तो भिंतीला टेकून दात खात उभा होता. डाव्या कुशीवर हात ठेवला तर ढोलकीसारखी नाही, ओल्या कणकेसारखी लागली. बोट दाबलं की खळगा तसाच राही. आत सगळा भरडा साचून आंबत होता. खायचा सोडा पाण्यातून पाजला, डॉक्टरला फोन केला. डॉक्टर साडेदहाला आले, सलाईन लावलं. बारा वाजता त्यानं मान टाकली. बायको काहीच बोलली नाही. तिनं पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलं, एकावर एक तीन गाठी मारल्या आणि आत गेली.

याचा बिल्ला शाबूत होता. शवविच्छेदन, पंचनामा, फोटो, दावा, सगळं केलं. पाच हजार मंजूर झाले, ते आले सप्टेंबरात आणि तेही थेट कर्जखात्यात. कर्ज मी जूनमध्येच फेडलेलं. आपलेच पैसे आपल्या बचत खात्यात आणायला दोन चकरा मारल्या.

मार्च आला तसा बँकेतून फोन सुरू झाले. "खातं नवं-जुनं करून घ्या." म्हणजे जुनं सगळं भरा आणि नवं उचला. मी म्हणालो, जानेवारीत उचललंय, वर्ष कुठं झालं? पलीकडच्याला तेही माहीत होतं. पण मार्चअखेर म्हटलं की यादीतल्या प्रत्येकाला फोन जातो. बोकड तेव्हा चोवीस किलोचे. त्या वेळी विकले असते तर भांडवल जेमतेम निघालं असतं. शेजारच्या एकानं घाबरून विकलेही. बँकेचं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि बोकडाचं बकरी ईदला. त्यातून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकते. आपल्यात अधिक महिना धरून चंद्र-सूर्याचा मेळ घालतात, त्यांच्यात तसा धरत नाहीत. या चालीनं २०३२ च्या सुमाराला ईद मार्चमध्ये येईल, तेव्हा बँकेचं आणि बोकडाचं पंचांग एकदाचं जुळेल. तोवर मार्चमध्ये फोन उचलून "होय साहेब" म्हणायचं.

ईद २०२४ ला १७ जूनला होती. मी जूनच्या पहिल्या आठवड्यातच बाजार गाठला. गावातले चौघं पिकअप करून थेट मुंबईला देवनारला चालले होते, मलाही बोलावलं. तिथं भाव चढा असतो, खरं. पण जूनचा पाऊस, तिथला मुक्काम, आणि ईदच्या आदल्या रात्रीपर्यंत विकला गेला नाही तर दुसऱ्या दिवशी त्याच बोकडाची निम्मी किंमत. माझ्या छातीत तेवढा दम नव्हता.

नेकनूरला बीडचे एक चाचा भेटले, पांढरी दाढी, खांद्यावर चौकड्याचा रुमाल. त्यांनी पहिल्या बोकडाचा खालचा ओठ अंगठ्यानं ओढला. पुढचे दोन दात मोठे, रुंद, बाकीचे दुधाचे बारीक. दोन दाती, म्हणजे वर्ष पुरं झालेलं. मग पाठीच्या मणक्यावरून चिमटीत मांस धरत हात मागं नेला, शेपटीच्या मुळाशी दाबून बघितलं. "खस्सी?" म्हणजे खच्ची केलेला का. "खस्सी." मग कान. बिल्ल्याच्या भोकात करंगळीचं नख घालून बघितलं आणि मान हलवली. कान्यापाशी आले, कानाचे दोन्ही पदर जुळवून पाहिले, सोडून दिले. "ये नक्को, भाऊ. ये खाटीक कू देव."

मग त्यांनी रुमाल आमच्या दोघांच्या हातावर टाकला. आजोबांबरोबर बैलबाजारात हे पाहिलं होतं, स्वतः पहिल्यांदाच करत होतो. आत त्यांनी माझी बोटं धरली, आधी एक आणि मग तीन. मी चार दाबली. भोवती दहा माणसं उभी, पण भाव कुणालाच कळत नाही. चाचांनी दोनदा तीनच धरली, दोनदा मी चार. शेवटी त्यांनी चार बोटं धरून हात झटकला, चौदा हजारांनी सहा बोकड. दोन मी बाजूला ठेवले होते, ते वाशीतल्या ओळखीच्या दोन घरांनी दारात येऊन सतरा सतरा हजारांना नेले. कान्या खाटकाकडं साडेआठला गेला. वजनात तो बाकीच्यांना भारी होता.

एकूण आले एक लाख साडेसव्वीस हजार. बावन्न हजार करडांचे, तीस हजार मी कार्डातून उचललेले, गटाचं व्याज अठ्ठावीसशे, बँकेचं हजाराच्या आत. हातात चाळीस हजारांच्या वर थोडे उरले. सात महिन्यांनी भागा, दोन माणसांची मेहनत, रोजचे दोनशेसुद्धा पडत नाहीत. रोजगार हमीवर एक माणूस गेला असता तर जास्त मिळाले असते. पण रोजगार हमीचं काम सात महिने सलग मिळत नाही, आणि ऊसतोडीला न जाता आम्ही दोघं आणि पोरांची शाळा एका जागी राहिलो. हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला माहीत नाही.

२१ जूनला बँकेचं सगळं भरून टाकलं, त्याच दुपारी गटाचंही. ऑगस्टमध्ये मर्यादा वाढवून मागितली, तेव्हा पाहणीला नवीन साहेब आले. परभणीचा पोरगा बदलून गेला होता. नव्या साहेबांनी रिकाम्या गोठ्याकडं बघितलं.

"बोकड कुठं आहेत?"

"विकले की."

"तारण होते ते. विकले कसे?"

मी भरण्याची पावती पुढं केली. त्यांनी ती उलटसुलट वाचली. पैसे पूर्ण आलेत, याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. पण मोबाईलमधल्या ॲपला जनावरासकट फोटो हवा होता, गोठ्याच्या जागेवरचा, त्याच दिवसाचा. त्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. आम्ही दोघं एकमेकांकडं बघत उभे राहिलो. आतून बायको तिची म्हातारी शेळी घेऊन आली आणि साहेबांसमोर धरली. कानात पिवळा बिल्ला होता. साहेबांनी फोटो काढला, पान उघडलं. मग त्यांनी विचारलं, "दूध किती देते?"

"आटलीय," बायको म्हणाली. "पण लिवा अर्धा लिटर."